नवीन गाडी घेतोय: गाडीतलं नेव्हिगेशन, मोबाईलचा मॅप की वेगळं जीपीएस? (पुणे - राजापूर, अणुस्कुरा घाट)

राजापूरची_सून

नमस्कार मंडळी. गणपतीच्या आधी गाडी घ्यायचं ठरलंय, गाडी कोणती तेही ठरलंय, फक्त मॉडेलवर घोडं अडलंय. आम्ही कोथरूडला राहतो, सासर राजापूर तालुक्यात, आणि गणपती, शिमगा, मे महिना, शिवाय सासूसासऱ्यांचं डॉक्टरकडे नेणं-आणणं अशी ये-जा वर्षभर चालू असते. नवरा बोटीवर असतो त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळा गाडी मीच चालवते, मागे दोन मुलं, शेजारच्या सीटवर कोणी मोठं माणूस असेलच असं नाही. रस्ता नेहमीचा म्हणजे कराडपर्यंत हायवे, मग कोकरूड, मलकापूर करत अणुस्कुरा घाट उतरून पाचल, ओणी.

तर मधल्या मॉडेलला टचस्क्रीन आहे, त्याला मोबाईल जोडला की मोबाईलमधला मॅप स्क्रीनवर दिसतो. वरच्या मॉडेलला गाडीचं स्वतःचं नेव्हिगेशन आहे, नकाशा गाडीतच भरलेला. फरक लाखाच्या वर जातोय (त्यात सनरूफ वगैरेही आहे पण त्याचं मला काही नाही). शोरूममधला मुलगा म्हणाला, मॅडम घाटात रेंज नसते, तिथे मोबाईलचा मॅप बंद पडतो, गाडीतलं मात्र चालू राहतं, तुम्ही बाईमाणूस मुलांना घेऊन जाणार तर हेच घ्या. आणि अमेरिकेतले दीर म्हणतायत की दोन्ही सोड, मी गार्मिनचं जीपीएस घेऊन येतो, काचेला चिकटव, आयुष्यभराची चिंता गेली.

घाटात रेंज जाते हे खरंच आहे. पण रेंज गेली की मोबाईल खरंच आंधळा होतो का? आणि ह्या तिघांतलं ह्या रस्त्याला काय घ्यावं? प्लीज ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा.

उपग्रहवाला

ताई, शोरूमवाल्याने अर्धंच सांगितलंय आणि त्या अर्ध्यासाठी लाखभर रुपये जातायत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण कुठे आहोत हे कळायला रेंज लागत नाही. जीपीएसचे उपग्रह साधारण 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत एवढंच सांगत असतात की मी अमुक उपग्रह, मी आत्ता इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. मोबाईल फक्त ऐकतो, तो वर काही पाठवत नाही, त्याचे पैसेही नाहीत. चार उपग्रहांचं ऐकू आलं की हिशोब जमतो. तीन जागेसाठी पुरतील असं वाटतं पण चौथा लागतो कारण मोबाईलचं घड्याळ तेवढं अचूक नसतं, आणि इथे वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर 300 मीटरची चूक. आता तर मोबाईल अमेरिकेच्या जीपीएससोबत रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रहही ऐकतो, त्यामुळे अणुस्कुऱ्यासारख्या दोन्हीकडे डोंगर असलेल्या घाटात आकाशाची पट्टी अरुंद असली तरी चार-पाच सापडतातच.

मग रेंज कशाला लागते? नकाशाला. मोबाईलचा मॅप तुम्ही जाल तसा तुकड्यातुकड्याने नेटवरून खाली उतरवत असतो. कोथरूडला बसून रस्ता लावलात आणि निघालात तर तो आखलेला रस्ता मोबाईलमध्ये राहतो, रेंज गेली तरी निळी रेघ दिसते. पण घाटाच्या वर एखादा फाटा चुकला आणि तिथे रेंज नसली की नवा रस्ता शोधायला त्याच्याकडे काहीच नसतं, तो नुसता गोल फिरत बसतो, आणि लोकांना वाटतं जीपीएस गेलं. जीपीएस गेलेलं नसतं, नकाशा नसतो.

त्यावर उपाय फुकट आहे. गूगल मॅपमध्ये वर तुमच्या फोटोवर टॅप केलं की ऑफलाइन मॅप्स असं येतं, त्यात कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असा मोठा चौकोन करून घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. मग फाटा चुकला तरी तो रेंजशिवाय नवीन रस्ता काढून देतो. ट्रॅफिक दिसणार नाही, दोन-तीन पर्यायी रस्ते दाखवणार नाही, पण रस्ता दाखवेल. ह्या उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री एकदा उघडून बघायचं.

एक गोष्ट मात्र खरी. मोबाईल बंद करून घाटातच पुन्हा चालू केला तर पहिली जागा सापडायला वेळ लागतो, कारण कुठला उपग्रह आत्ता कुठे आहे ही माहिती एरवी तो नेटवरून पटकन घेतो आणि रेंज नसेल तर उपग्रहाकडूनच सावकाश घ्यावी लागते. तेव्हा घाट चढायच्या आधीच मॅप चालू ठेवा.

डोंबिवली_ते_देवगड

उपग्रहवाल्यांना +१. मी गाडीतल्या नेव्हिगेशनबद्दल सांगतो कारण माझ्या गाडीत ते आहे, एसडी कार्डावर नकाशा असलेलं. यंत्र म्हणून उत्तम, रेंज असो नसो चालतं. पण नकाशा ज्या वर्षीचा त्याच वर्षी अडकून राहतो हो, आणि आपल्याकडे रस्ते ज्या वेगाने बदलतायत त्यात हे फार बोचतं. कशेडीचा बोगदा चालू झाला, आम्ही त्यातून जातोय आणि गाडीचं म्हणणं की तुम्ही डोंगराच्या पोटात आहात, परत फिरा, घाटाने जा. अटल सेतू 12 जानेवारी 2024 ला उघडला, समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा 5 जून 2025 ला, ह्यातलं काहीही माझ्या कार्डात नाही. अपडेट मिळतं, पण सर्व्हिस सेंटरला जाऊन विचारलं तर तिथल्या पोरांनाच माहीत नसतं, मग ते कुणाला तरी फोन लावतात, मग पैसे सांगतात. नवीन गाड्यांत हे सिमकार्डावरून आपोआप होतं म्हणतात, पण ती सेवा काही वर्षं फुकट आणि पुढे वर्षाचे पैसे, हे शोरूममध्ये विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, तेव्हा नक्की विचारा.

दुसरं म्हणजे गणपती. तुम्ही पुण्याहून वरून येता म्हणून सुटता, आम्हाला इंदापूर-माणगाव पार करायचं असतं. त्या दिवशी कुठे किती तुंबलंय हे मोबाईलच सांगू शकतो, कारण पुढे अडकलेल्या हजारो मोबाईलवरूनच त्याला ते कळतं. एसडी कार्डाला माणगावात काय चाललंय ते कुठून कळणार? पण त्याचीही दुसरी बाजू आहे, मॅपने सगळ्यांना एकदमच आतल्या गावच्या रस्त्याला घातलं की तो एकपदरी रस्ता समोरून एसटी आली की ठप्प, आणि तिथून मागेही येता येत नाही. म्हणून पाच-सात मिनिटं वाचवणारा आतला रस्ता मी घेतच नाही, पाऊण तास वाचत असेल तरच विचार करतो.

शरदकाका_सातारा

मी थोडं वेगळं मत मांडतो, मला वाटतं गाडीतल्या नेव्हिगेशनला इथे फारच स्वस्तात उडवलं जातंय.

माझं वय 68, अजून सातारा-मुंबई स्वतः चालवतो. गाडीतलं यंत्र चाकाच्या फिरण्यावरून आणि वळण ओळखणाऱ्या सेन्सरवरून पण हिशोब करत असतं. एक्स्प्रेसवेच्या बोगद्यांत उपग्रह दिसेनासे झाले तरी बाण पुढे सरकत राहतो आणि बाहेर पडल्यापडल्या लगेच फाटा असेल तर तो वेळेवर सांगतो. मोबाईल बोगद्यात अंदाजाने चालतो, कधी मधेच थांबतो. मुंबईत फ्लायओव्हरच्या वर आहे की खाली हे ओळखण्यातही मला गाडीतलं यंत्र जास्त भरवशाचं वाटलंय.

दुसरं, उन्हाचं काय? मे महिन्यात दुपारी काचेला लावलेला मोबाईल इतका तापतो की चार्जिंग थांबवतो, स्क्रीन अंधुक करतो आणि शेवटी बंद होतो. नेमका कोकणात उतरताना. गाडीचा स्क्रीन उन्हासाठीच बनवलेला असतो. तिसरं, मोबाईलवर फोन येतात, मेसेज येतात, बँकेचे, शाळेच्या ग्रुपचे, आणि घाटात वळणावर ते सगळं डोळ्यासमोर. ताई एकट्या चालवणार आहेत, शेजारी मोबाईल सांभाळायला माणूस नाही, हे लक्षात घ्या. पैसे असतील तर शांत डोक्याने चालवता येणं ह्याची किंमत मी लाख रुपये धरेन.

उपग्रहवाला

काका, बोगद्याचं एकदम बरोबर आहे, मान्य. पण ताईंच्या रस्त्यावर किती बोगदे लागतात? कात्रजचा नवा बोगदा आणि खंबाटकीचा, दोन्हीकडून बाहेर पडल्यावर सरळच जायचंय, फाटा नाही. म्हणजे त्या सोयीचा त्यांना उपयोग जवळजवळ नाही. आणि त्या मधल्या मॉडेलमध्ये मोबाईल काचेला लावायचाच नाहीये, तो केबलने जोडून खाली सावलीत ठेवायचा, दिसणार गाडीच्या स्क्रीनवर. तापण्याचा प्रश्न बराच कमी होतो, आणि काही गाड्यांत तर गाडीच्या छतावरच्या अँटेनाचं जीपीएस मोबाईलला मिळतं, ते मोबाईलच्या इवल्याशा अँटेनापेक्षा चांगलं. फक्त वायरलेस जोडू नका लांबच्या प्रवासात, मोबाईल वायरलेसने सतत चित्र पाठवत राहतो आणि वायरलेस चार्जरवर ठेवला तर दोन्हींनी मिळून खूप तापतो. साधी चांगली केबल घ्या, आणि एक जादाची डॅशबोर्डमध्ये ठेवा.

शरदकाका_सातारा

केबलचं पटलं. पण मेसेजचा मुद्दा राहतोच.

मुक्ता_नाशिक

काका, गाडी चालवताना डू नॉट डिस्टर्ब लावता येतं, गाडीशी जोडलं की आपोआप चालू होईल असंही ठेवता येतं. मी तसंच ठेवलंय, फक्त घरच्या तीन नंबरांचे फोन येतात.

आणि ताई, ते बाईमाणूस म्हणून महाग मॉडेल घ्या हे ऐकून मला खरंच राग आला. रात्री घाटात कोणालाही रस्ता कळलाच पाहिजे, त्यात बाई-पुरुष काय.

राजापूरची_सून

सगळ्यांचे खूप आभार, इतकं नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ऑफलाइन नकाशा आत्ताच उतरवला, रेंज बंद करून घराभोवती फिरून बघितलं तर खरंच चालतंय! म्हणजे लाखाचा प्रश्न बराचसा सुटला. मुक्ता, मलाही ते खटकलं होतं, लिहिलंस बरं वाटलं.

आता दिरांच्या गार्मिनचं सांगा. ते पुढच्या महिन्यात येतायत आणि ऑर्डर करू का विचारतायत. दुसरं म्हणजे सासरे तिकडे छोटी गाडी चालवतात, त्यांना मोबाईलचं फार जमत नाही, त्यांना ते वेगळं यंत्र सोपं पडेल का?

डेन्व्हरकर

वहिनी, दिरांना आधी थांबवा, मग बाकीचं बोलू.

मी इथे कोलोरॅडोत वीसेक वर्षांपासून आहे आणि माझ्याकडे काचेला लावायचं गार्मिन आहे, अजून वापरतो. इथे त्याला अर्थ आहे. रॉकीजमध्ये, नॅशनल पार्कांत मैलोनमैल टॉवर नसतो, यंत्रात अख्ख्या उत्तर अमेरिकेचा नकाशा असतो आणि त्याचं अपडेट यंत्राच्या किमतीतच येतं. पण त्या लाइफटाइम मॅपमध्ये भारत नसतो! भारताचा नकाशा वेगळा मिळवावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनीच मिळून बनवलेला मोफत नकाशा) वरून गार्मिनसाठी बनवलेले फुकट नकाशे कार्डावर टाकून चालवता येतात, पण ज्याला कॉम्प्युटरची आवड आहे त्याने करायचं काम आहे ते, सासऱ्यांसाठी नाही. आणि बिघडलं तर पाचलला कोण दुरुस्त करणार?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गार्मिनची काही यंत्रं अशी असतात की त्यावरून उपग्रहामार्फत मेसेज आणि एसओएस पाठवता येतो. साधं जीपीएस फक्त ऐकतं, हे बोलतंही. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली असतात, नावंही सारखीच वाटतात. भारतात असं उपग्रहाशी बोलणारं यंत्र सरकारी परवान्याशिवाय आणणं-वापरणं बेकायदा आहे. गोव्यात दाबोळी विमानतळावर अशा यंत्रासकट आलेल्या परदेशी प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या बातम्या येऊन गेल्यात, त्यांच्या बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं. दिरांनी प्रेमाने जास्त चांगलं म्हणून ते उचललं तर विमानतळावर नसता घोर लागेल. हे त्यांना नक्की कळवा, गाडीसाठी नाही तर ट्रेकिंगसाठी म्हणूनही आणायचं नाही.

आणि एक, वेगळं यंत्र असलं की अक्कल गहाण ठेवायची असं नसतं. डेथ व्हॅलीत पार्कचे लोक स्वतःच सांगतात की आडभागात जीपीएसवर विसंबू नका, कधीकाळचे खाणींचे रस्ते त्याला अजून रस्ते वाटतात आणि माणसं उन्हात अडकून दगावलीत.

राजापूरची_सून

बाप रे, हे अजिबात माहीत नव्हतं. आत्ताच दिरांना मेसेज केला. त्यांनी तेच मेसेजवालं कार्टमध्ये टाकून ठेवलं होतं!! तुमचे उपकार आहेत.

सह्यभटक्या

वेगळ्या यंत्राची बाजू मांडायला मीच उरलोय वाटतं. ट्रेकला मी हातातलं जीपीएस वापरतो, पेन्सिल सेलवर चालणारं. पावसात भिजलं तरी चालतं, ग्लोव्ह्ज घालून बटणं दाबता येतात, आणि मोबाईलची बॅटरी फोनसाठी शिल्लक राहते. पायी जाणाऱ्याला आणि लांब बाईक राइड करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. बाईकच्या हँडलवर महागडा मोबाईल लावला की थरथरीने त्याच्या कॅमेऱ्याचं फोकस बिघडतं, तिथे हे बरं. गाडीत मात्र आता नको, सरळ सांगतो.

गाडीसाठी माझा सल्ला वेगळा आहे. एकाच मॅपवर राहू नका. घरातला जुना अँड्रॉइड पडून असेल ना कपाटात? त्यात ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड हे ॲप टाका. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात, हा नकाशा 2004 पासून जगभरचे लोक स्वतःहून भरतायत. अख्खा महाराष्ट्र एकदा उतरवला की सिमही नको, नेटही नको, मुदत संपण्याची भानगड नाही. सह्याद्रीतल्या वाटा, टाकी, मंदिरं आपल्याच भटक्यांनी भरलीत. तो जुना मोबाईल म्हणजेच तुमचं फुकटातलं गार्मिन. शिवाय आपल्याकडचं मॅपल्सही आहे, मॅपमायइंडियावाल्यांचं, ही कंपनी 1995 पासून भारताचे नकाशे करतेय आणि बऱ्याच गाड्यांच्या आतल्या नेव्हिगेशनमध्ये नकाशा यांचाच असतो. त्यात पुढे स्पीडब्रेकर आहे, धोक्याचं वळण आहे असं सांगतात, ते मला घाटात आवडतं.

दोन वेगळे नकाशे ठेवायचं कारण असं की दोघं एकाच रस्त्यावर एकमत असतील तर बिनधास्त जावं. एकाने भलतीकडे वळायला सांगितलं तर गाडी बाजूला घ्यायची आणि दुसरा बघायचा.

गाडीवान_रत्नागिरी

नमस्कार. टुरिस्ट गाडी चालवतो, बारा महिने घाट. वर सगळ्यांनी यंत्राचं सांगितलंत ते बरोबर आहे, मी रस्त्याचं सांगतो.

ताई तुमच्याकडे घाट चारपाच आहेत, आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा. मॅप ह्यातला जो जवळ पडेल तो काढतो. पण घाट चालू आहे का हे त्याला प्रत्येक वेळी माहीत असतं असं नाही. 2024 ला करूळ रुंदीकरणासाठी बंद केला, महिनोन्महिने बंद होता, आणि गगनबावड्यापर्यंत येऊन परत फिरणाऱ्या गाड्या मी डोळ्यांनी बघितल्यात. वरंध घाट तर पावसाळ्यात बहुतेक दर वर्षी बंद करतात. अणुस्कुऱ्यात पावसात दरड येते, जेसीबी येईपर्यंत काही नाही. हे सकाळच्या पेपरात असतं, जिल्हा प्रशासन कळवतं, एसटी स्टँडवर विचारलं की लगेच सांगतात. मी घाटाच्या अलीकडे चहाला थांबतो तेव्हा समोरून वर आलेल्या ड्रायव्हरला विचारतो, खाली काय परिस्थिती. मलकापूरला तुम्हीही विचारा, लाजायचं कशाला. बाई विचारतेय म्हटल्यावर लोक जास्त नीट सांगतात हे खरं आहे.

दुसरं, गावातला शेवटचा रस्ता. हायवेपर्यंत कुठलाही मॅप चालतो, खरा प्रश्न गावात येतो. प्रत्येक गावात गुरववाडी, तेलीवाडी, भंडारवाडी असते, नुसतं वाडीचं नाव टाकलंत की शेजारच्या तालुक्यातल्या वाडीला नेऊन सोडेल. पाखाडी असते ना आपली, जांभ्या दगडाची पायवाट, ती पण मॅपला रस्ता वाटते! पुढे पायऱ्या, मागे वळायला जागा नाही, एका बाजूला गडगा, म्हणजे दगडी कुंपण. साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, गाडी घालायला सांगतो, साकव माणसांसाठी असतो. पाहुणे येणार असतील तर त्यांना पत्ता सांगत बसू नका, जिथवर गाडी येते तिथे उभं राहून व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवा, आणि ते त्यांनी रेंज असतानाच सेव्ह करायचं.

धुक्यात मात्र मॅपचा फार उपयोग होतो, हे कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. आंबोलीला, आंब्याला पावसाळ्यात बोनेटच्या पुढचं दिसत नाही. तेव्हा मॅप जवळ करून ठेवायचा, पुढचं वळण डावं आहे की उजवं, केवढं वळतं ते आधी कळतं. वेग वाढवायचा नाही त्याच्या भरवशावर, पण हात तयार राहतात.

डोंबिवली_ते_देवगड

गाडीवानदादा, पाखाडीचं शंभर टक्के! आमच्या वाडीत दर गणपतीला एक तरी गाडी तिथे अडकते आणि सगळी वाडी मिळून ती मागे ढकलते.

मुक्ता_नाशिक

दादांच्या म्हणण्याला जोडून, अकोल्याची घटना आठवते का, नगर जिल्ह्यातली? जानेवारी 2021. पुण्याकडची मंडळी रात्री कळसूबाईला निघाली होती, मॅपने जवळचा म्हणून जो रस्ता दाखवला त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. गावातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, मॅपला नव्हतं. चालवणारा गेला, सोबतचे दोघं पोहून वाचले. गाडीत कुठलंही यंत्र असतं तरी हेच झालं असतं. म्हणून अनोळखी रस्त्याला रात्री आतला रस्ता घ्यायचा नाही, आणि पुढे रस्त्यावर पाणी दिसलं की मॅप काय म्हणतो ते न बघता थांबायचं, हे आम्ही घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

राजापूरची_सून

वाचून काटा आला. मुलांना घेऊन जाताना हे डोक्यात ठेवीन.

तर माझं ठरलं, मधलं मॉडेल घेतोय. उरलेल्या पैशांतून सासऱ्यांच्या गाडीला चांगले टायर. माझा मोबाईल केबलने गाडीला, त्यात गूगलचा ऑफलाइन, आणि कपाटातल्या जुन्या मोबाईलमध्ये ऑरगॅनिक मॅप्स. आता दोन प्रश्न. एक, तो जुना मोबाईल कुठे लावायचा, पोलीस पकडतात का? दोन, सासऱ्यांसाठी काय करू? त्यांना रत्नागिरी, कोल्हापूरच्या हॉस्पिटलला जायचं असतं, तेवढंच.

उपग्रहवाला

हातात धरून मोबाईल वापरला तर दंड आहेच, 2019 च्या दुरुस्तीनंतर 5000 पर्यंत जातो. पण 1 ऑक्टोबर 2020 पासून नियमात स्पष्ट केलंय की चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फक्त रस्ता बघण्यासाठी तो वापरता येतो. तर होल्डरमध्ये लावायचा आणि चालवताना टाइप करायचं नाही, पत्ता बदलायचा तर गाडी बाजूला घेऊनच.

होल्डर एसीच्या जाळीवर लावा, थंड हवा मागून लागते आणि मोबाईल तापत नाही. काचेवर मधोमध लावू नका, वळणावर समोरून येणारी बाईक नेमकी त्याच्या आड जाते. आणि डाव्या बाजूला डॅशबोर्डवर एअरबॅग लिहिलेलं असतं त्या झाकणावर काहीही चिकटवायचं नाही, अपघातात एअरबॅग फुटली तर तो होल्डर माणसाच्या तोंडावर येईल.

शरदकाका_सातारा

सासऱ्यांचं मी सांगतो, माझ्याच वयाचे असतील. त्यांना ॲप शिकवत बसू नका. त्यांच्या मोबाईलच्या पहिल्याच पानावर रत्नागिरीचं हॉस्पिटल, कोल्हापूरचं हॉस्पिटल आणि घर असे तीन शॉर्टकट करून द्या, बोट लावलं की रस्ता सुरू. मला मुलीने तसं करून दिलंय. आवाज मोठा ठेवा आणि अक्षर मोठं करा. त्यांना पट्टा लावून बसवून एकदा तुम्ही शेजारी बसा आणि त्यांना चालवू द्या, एका फेरीत जमेल. मी गाडीतल्या यंत्राच्या बाजूने बोललो होतो, अजूनही मला ते आवडतं, पण तुमच्या रस्त्याला आणि खर्चाला तुमचा निर्णय योग्य आहे.

राजापूरची_सून

काका, तीन शॉर्टकटची आयडिया फारच छान, ते ह्या शनिवारीच करते. धन्यवाद सगळ्यांना, खरंच.

गाडीवान_रत्नागिरी

ताई एक राहिलं. अणुस्कुरा उतरायला दिवसाउजेडीच या, म्हणजे पुण्याहून पहाटे निघा. घाटमाथ्यावर जायच्या आधी रेंज असेल तिथे थांबून घरी फोन करा की आता उतरतोय, अमुक वाजेपर्यंत पाचलला पोचू, आणि ओणीला हायवेला लागलात की परत फोन करा. तेवढ्या वेळेत फोन आला नाही तर पाचलहून कोणाला तरी वर बघायला पाठवायचं हे सासऱ्यांना सांगून ठेवा. आमच्यात सगळे ड्रायव्हर असंच करतो.